दोन लिटर दूध आणि एक खून

प्रश्न : गेल्या महिन्यात वाचनालयातून चार रहस्य-कादंबऱ्या आणल्या आणि पाठोपाठ वाचून संपवल्या. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतो आहे. या लेखकांना इतके खून, इतके कट, इतकी बेरकी माणसे सुचतात तरी कुठून? पोलीस त्यांना जुन्या फायली दाखवतात का? गुन्हेगारांत त्यांची ऊठबस असते का? की सगळे स्वप्नात दिसते? खरे सांगायचे तर विचारण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ एकटेच राहतात आणि रोज दोन लिटर दूध घेतात. घरात ना पाहुणा, ना मांजर. यावर कादंबरी होईल असे मला वाटते. एखाद्या लेखकाला ही कल्पना कळवली तर तो ती ढापणार तर नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत. कथानके कुठून येतात, माणसे कुठून येतात आणि समोरच्या दुधाचे काय. गंमत म्हणजे तिसरा प्रश्न विचारताना पहिल्याचे निम्मे उत्तर तुम्हीच देऊन टाकले आहे. तेव्हा दूध तूर्त फ्रिजमध्ये ठेवू आणि आधी पोलिसांच्या फायलींकडे वळू.

खऱ्या गुन्ह्यांची फाईल हाती लागली की कादंबरी तयार, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात खरा गुन्हा रहस्यकथेच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी असतो, कारण त्यात रहस्यच नसते. कोणी केले हे बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक असते. आपल्याकडचा सर्वांत गाजलेला खटला घ्या. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. संपले! शोधायला काही उरलेच नाही. म्हणून त्या प्रकरणावरून पुढे जे चित्रपट निघाले, त्यांत सारा जीव कोर्टात आणि नवरा-बायकोच्या नात्यात गुंतलेला आहे, तपासात नाही.

मग लेखक खऱ्या गुन्ह्यातून काही घेतच नाही का? घेतो, पण गुन्हा घेत नाही. त्यातला जो प्रश्न कोणी विचारलेला नसतो, तो घेतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड या खेड्यात १९५७ साली एड गीन नावाचा माणूस पकडला गेला. त्याच्या शेतघरात पोलिसांना जे सापडले ते इथे सांगण्यासारखे नाही. रॉबर्ट ब्लॉक हा लेखक त्या वेळी तिथून तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान गावात राहत होता. त्याला प्रकरणाचे तपशील फारसे माहीतही नव्हते. त्याला खटकले ते भलतेच. लहान गावात कोणाच्या घरी काय शिजले हे चार घरांपलीकडे कळते. मग अशा गावात हा माणूस वर्षानुवर्षे असे काही करत होता आणि कोणाला वासही कसा लागला नाही? या एका प्रश्नातून १९५९ मध्ये ‘सायको’ ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी हिचकॉकचा चित्रपट. कादंबरीतले मोटेल, त्याचा मालक, त्याची आई हे सगळे ब्लॉकने स्वतः रचलेले.

आता यापेक्षा थोडे लांबलेले उदाहरण सांगतो. ते मला फार आवडते, शिवाय ते नीट पाहिले की या धंद्याची रीत लक्षात येते.

फ्रेडरिक फोर्साइथ हा तरुण इंग्रज १९६२ मध्ये रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसला गेला. तो काळ मोठा तापलेला होता. अध्यक्ष द गॉल यांनी अल्जीरियाला स्वातंत्र्य दिल्यामुळे चिडलेल्या लष्करी मंडळींची ओएएस ही गुप्त संघटना त्यांच्या जिवावर उठली होती. २२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे त्यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले, काचा फुटल्या, पण द गॉल आणि त्यांच्या पत्नी दोघांनाही ओरखडा उठला नाही. कटाचा सूत्रधार पकडला गेला आणि मार्च १९६३ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

ही बातमी पॅरिसमधल्या प्रत्येक बातमीदाराने पाठवली. फोर्साइथच्या मनात मात्र एक हिशेब राहून गेला. या संघटनेत फ्रेंच हेरखात्याची माणसे आतपर्यंत शिरलेली आहेत. यांचा प्रत्येक माणूस पोलिसांच्या यादीत आहे. म्हणजे हे स्वतः कधीच यशस्वी होणार नाहीत. पण समजा, त्यांनी बाहेरचा माणूस आणला तर? ज्याचे नाव कोणत्याही यादीत नाही, जो कोणाच्या ओळखीचा नाही, जो केवळ पैशासाठी काम करतो? त्याला पकडणार कसे, जर तो कोण हेच माहीत नसेल?

हा प्रश्न सात-आठ वर्षे तसाच पडून राहिला. मधल्या काळात फोर्साइथ नायजेरियातले यादवी युद्ध पाहून आला आणि खिसा रिकामा झालेल्या अवस्थेत लंडनला परतला. जानेवारी १९७० मध्ये तो टाइपरायटरसमोर बसला आणि ३५ दिवसांत ‘द डे ऑफ द जॅकल’ लिहून मोकळा झाला. प्रकाशकांनी मात्र नाके मुरडली. त्यांचे म्हणणे वरवर अगदी बिनतोड होते. द गॉल तर जिवंत आहेत; म्हणजे मारेकरी फसला हे वाचकाला पहिल्या पानावरच कळलेले आहे; मग वाचायचे कशाला? पुस्तक १९७१ मध्ये निघाले आणि बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद किती पोकळ होता ते दिसले. कारण वाचकाला ‘होईल का’ यापेक्षा ‘होईल कसे’ याची भूक जास्त होती. खोटा पासपोर्ट कसा मिळवतात, बंदूक कुबडीत कशी लपवतात, सीमा कशी ओलांडतात हे फोर्साइथने बातमीदाराच्या शिस्तीने, माहीतगारांना विचारून गोळा केले होते. निकाल माहीत असूनही शेवटच्या पानांत हात थरथरतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी ती तीनदा वाचली आहे. दर वेळी त्यांना वाटते, या खेपेस मारतोच की काय!

या उदाहरणात तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे. घटना सगळ्यांसमोर घडली होती आणि कल्पना त्या घटनेत नव्हती. ‘असे झाले असते तर’ आणि ‘मग ते कसे झाले असते’ या दोन प्रश्नांत ती होती. दुसरी गोष्ट अशी, की हे प्रश्न सुचायला आणि त्यांची उत्तरे पटण्यासारखी लिहायला लेखकाच्या रोजच्या कामाने हात दिला. गुन्हेगारांशी दोस्ती लागत नाही. आपली नोकरी नीट डोळे उघडून केलेली असली तरी पुष्कळ होते.

अगाथा ख्रिस्तीबाईंचेच पाहा ना. पहिल्या महायुद्धात त्या इंग्लंडमधल्या टॉर्की या आपल्या गावी आधी परिचारिका होत्या आणि नंतर इस्पितळाच्या औषधविभागात लागल्या. आपल्या भाषेत कंपाउंडर म्हणा. त्यासाठी त्यांनी रीतसर परीक्षाही दिली. बहिणीने पूर्वी एकदा डिवचले होते, की तुला काही रहस्यकथा लिहिता यायची नाही. या कामात कधी अंगावर येईल इतकी गर्दी, तर कधी दुपारच्या दुपार रिकाम्या. अशा रिकाम्या वेळी त्या कपाटांकडे बघत बसत, आणि कपाटांत काय? विषेच विषे. तेव्हा आपल्या कथेत विषप्रयोग असणार हे जवळजवळ आपोआपच ठरले. ‘द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ १९२० मध्ये आली, आणि औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने तिच्यातल्या विषाच्या अचूक माहितीचे कौतुक केले. पुढेही त्यांच्या कितीतरी कथांत बंदुकीपेक्षा बाटली जास्त वेळा येते. बंदुका त्यांना फारशा कळत नव्हत्या, बाटल्या कळत होत्या.

पण नुसत्या माहितीवर कादंबरी उभी राहत नाही. ती उभी राहते ती एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टींची गाठ पडते तेव्हा. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये ही गाठ उघड दिसते. १९२९ च्या सुरुवातीला ओरिएंट एक्सप्रेस तुर्कस्तानात चेर्केझकेय गावाजवळ बर्फात अनेक दिवस अडकून पडली होती. १९३१ च्या डिसेंबरात ख्रिस्तीबाई स्वतः याच गाडीने नवऱ्याच्या उत्खननावरून परतत होत्या. पुरामुळे गाडी खोळंबली आणि सहप्रवाशांचे स्वभाव न्याहाळायला त्यांना आयताच वेळ मिळाला. तीनच महिन्यांनी, १ मार्च १९३२ रोजी, अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाला पळवून नेले गेले आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. बर्फात अडकलेली गाडी ही एक बातमी, मुलाचे अपहरण ही दुसरी. या दोन बातम्या जगात लाखो लोकांनी वाचल्या असतील. त्या एकाच डब्यात बसवण्याचे एकीलाच सुचले. १९३४ मध्ये पुस्तक आले. खुनी कोण ते मी सांगणार नाही. तुमच्या चारांत ते नसेल तर पाचवे ते आणा.

स्वप्नांबद्दल विचारले आहे, तेही थोडक्यात सांगतो. स्टीव्हन्सनला ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’मधले काही प्रसंग खरोखरच स्वप्नात दिसले होते. पण माणसाच्या आतल्या दुसऱ्या माणसावर लिहायची खटपट तो त्याआधी बरीच वर्षे करत होता. त्याच्या एडिंबरा शहरात अठराव्या शतकात दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या असलेला डीकन ब्रोडी होऊन गेला होता. त्याच्यावर स्टीव्हन्सनने नाटकही लिहिले होते, आणि ब्रोडीच्या हातचे एक कपाट त्याच्या लहानपणच्या खोलीत होते म्हणे! म्हणजे दळण आधीच जात्यात पडलेले होते, पीठ तेवढे झोपेत पडले.

आता माणसांकडे येऊ. इथला गैरसमज पहिल्याहून पक्का आहे. लेखकाच्या ओळखीत येणाऱ्यांना वाटते, आता हा मला पुस्तकात घालणार. काही जण तर तेवढ्यासाठी जरा नीट वागू लागतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ख्रिस्तीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे, की पहिल्या कादंबरीतल्या खुनासाठी त्यांनी ओळखीच्या माणसाला उभे करून पाहिले, पण काही केल्या तो कोणाचा खून करीलसे वाटेना. मग एके दिवशी ट्रॅममध्ये काळ्या दाढीचा एक माणूस दिसला, शेजारी अखंड बडबडणाऱ्या एक वयस्कर बाई, आणि पलीकडे मोठ्या आवाजात बोलणारी दुसरी एक धिप्पाड बाई. ट्रॅममधून उतरताना या तिघांनाही मनातल्या मनात त्यांनी बरोबर घेतले.

असे का होते ते सोपे आहे. ओळखीच्या माणसाबद्दल आपल्याला फार काही माहीत असते. तो गुडघेदुखीने हैराण आहे, भिशीचे पैसे वेळेवर देतो, मांजराला घाबरतो. कल्पनेला शिरायला फटच उरत नाही. अनोळखी माणूस म्हणजे दार किलकिले असलेली खोली. पॅट्रिशिया हायस्मिथ ही लेखिका इटलीत पोझितानो या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलात उतरली होती. पहाटे सज्जात उभी असताना खाली वाळूतून एकटाच चालत जाणारा तरुण तिला दिसला. अर्धी चड्डी, सँडल, खांद्यावर टॉवेल. कोणाशी भांडून आला असेल का? इतक्या सकाळी कोणाला भेटायला निघाला असेल? तो तिला पुन्हा कधी दिसला नाही. त्या पाठमोऱ्या मुलातून १९५५ मध्ये तिच्या कादंबरीचा नायक टॉम रिप्ली जन्मला. जॉन ल कॅरेची गोष्टही अशीच आहे. हा गृहस्थ स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होता. नमुने हवे तितके आजूबाजूला होते. तरी ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’चा नायक त्याला दिसला तो लंडनच्या विमानतळावरच्या बारमध्ये. रेनकोट घातलेल्या एका थकल्या माणसाने खिशातून नाना देशांची चिल्लर काढून टेबलावर टाकली, व्हिस्की मागवली, एका दमात संपवली आणि निघून गेला. बस, एवढेच.

याला ठसठशीत अपवादही आहे, नाहीतर तुम्हीच मला पत्र लिहून पकडाल. आर्थर कॉनन डॉइलने शेरलॉक होम्स घडवला तो आपल्या एडिंबराच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या गुरूवरून, डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून. डॉइल त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मदतनीस होता. एकदा एक रुग्ण समोर येताच बेल म्हणाले, सैन्यात होतास, नुकताच सुटलास, बार्बाडोसला होतास. आदराने वागूनही त्याने टोपी काढली नव्हती, म्हणजे लष्करी सवय अजून सुटली नव्हती. आणि त्याला झालेला हत्तीरोग ब्रिटनचा नव्हे, वेस्ट इंडिजकडचा. पण इथेही बारकाईने पाहा. होम्सला बेलची नजर मिळाली; व्हायोलिन, तंबाखू आणि ते तऱ्हेवाईक एकटेपण बेलचे नव्हे.

पात्र एकदा कागदावर उतरले की परत मागे घेता येत नाही, ही मात्र लेखकांची खरी डोकेदुखी. युद्धात बेल्जियममधून पळून आलेले निर्वासित टॉर्कीत होते. त्यावरून ख्रिस्तीबाईंनी आपला गुप्तहेर पॉयरो बेल्जियन केला, तोही पोलीसखात्यातून निवृत्त झालेला. पुढे पन्नासहून जास्त वर्षे पॉयरो चालला, आणि आपण त्याला सुरुवातीलाच म्हातारा केल्याचा पश्चात्ताप त्या करत राहिल्या. हिशेबाने त्याचे वय शंभरावर जाते. नावांचेही तसेच. इयान फ्लेमिंगला आपल्या हेरासाठी अगदी साधे, नीरस नाव हवे होते. त्याच्या जमैकातल्या घरी वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवरचे एक पुस्तक होते, लेखक जेम्स बाँड. पक्षीनिरीक्षकाचे नाव बंदूकवाल्याला लागले. आपल्या सुहास शिरवळकरांचे नायक आठवा. फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन ही दोन नावे शेजारी ठेवली की एकीकडे पुण्याचा कॅम्प आणि दुसरीकडे पेठा दिसायला लागतात. हा माझा तर्क आहे. पण नावाने पत्ता सांगावा हे कसब लहान नव्हे.

आणखी एक उगम आहे, ज्याबद्दल लेखक जरा हळू आवाजात बोलतात. तो म्हणजे दुसऱ्यांची पुस्तके. आपल्याकडे गो. ना. दातार यांनी रेनल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’सारख्या कादंबऱ्या रचल्या, आणि तिथले सरदार-उमराव असे काही मराठी मातीत रुजवले की मूळ परके हे सांगूनही खरे वाटू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळा पहाड, त्यांचा झुंजार यांची वाट बघत एक अख्खी पिढी जागली. एवढ्या संख्येने लिहायचे तर प्रत्येक वेळी नवी ठिणगी पडण्याची वाट बघून चालत नाही. बैठक मारून बसावेच लागते.

म्हणजे चोरी चालते की काय, ही तुमची शेवटची भीती. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिलेल्या मजकुराचे रक्षण करतो, कल्पनेचे नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला असा दावा केला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा मक्ता नसतो. ते मांडण्याची रीत उचलली असेल तर गोष्ट वेगळी. आनंद हरले. तेव्हा दुधाची कल्पना कोणी वापरली तर तुम्हाला काही करता येणार नाही. तरी काळजी नसावी. लेखकांना असल्या पत्रांचा तुटवडा नसतो, आणि त्यांना अडते ते कल्पनेपाशी नव्हे, तीनशे पानांपाशी.

आता फ्रिज उघडू. एकटा माणूस, दोन लिटर दूध. हा ब्लॉकच्या जातीचा प्रश्न आहे. गल्लीत असून कोणी न विचारलेला. पण तो एकटा आहे, त्याला जोडीदार लागेल, आणि तो तुमच्या रोजच्या कामातून यायला हवा. तुम्ही बँकेत असाल तर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी लागणारी रांग तुम्ही पाहिली असेल. विम्याचे काम करत असाल तर मृत्यूच्या दाखल्यावर चुकते झालेले दावे पाहिले असतील. आता दाखला आणि दूध शेजारी ठेवा. समोरच्या गृहस्थांना एक भाऊ होता. सहा वर्षांपूर्वी तो वारला. दाखला आहे, विम्याचे पैसे मिळाले, वर्षश्राद्धही झाले. आणि आतल्या खोलीत तो रोज एक लिटर दूध पितो आहे. मग एके दिवशी तो खरोखरच मरतो, आणि पहिल्यांदा प्रश्न पडतो, की एकदा मेलेल्या माणसाचा खून झाला असे पोलिसांना सांगायचे कसे?

हे मी तुम्हाला देऊन टाकले. वर सांगितलेल्या निकालानुसार मला तक्रार करता येणार नाही. फक्त एक पथ्य पाळा. समोरची बेल दाबून खरे कारण विचारू नका. ते गृहस्थ बहुधा हसून आत बोलावतील, घरी आटवलेल्या खव्याचे दोन पेढे हातावर ठेवतील आणि दुधाचा हिशेब तिथेच मिटेल. पेढे खायला जरूर जा, पण चौथे प्रकरण लिहून झाल्यावर.